आठवं मंगलाष्टक

रुसण्यात माझा हात धरंल असा माणूस आमच्या मुरुम गावात अजून जल्माला यायचाय. बढाई न्हाय मारायलो, कुणालाबी विचारा. माझं नाव गौरीशंकर. बाजारपेठेत माझं दुकान हाय. कासरे, म्होरक्या, घुंगरमाळा, घाट्या, बैलाच्या अंगावर जे जे शोभतं ते सगळं माझ्याकडं मिळतं. पण लोक मला दुकानावरून वळखत न्हाईत. "ते रुसणारे गौरीशंकर का?" असं आधी विचारतेत आन् मग पत्ता सांगतेत.

चुलतभावाच्या लग्नात मला गुलाबी फेटा बांधला आन् पाव्हण्यांना भगवा, म्हणून मी रुसलो. साडूच्या नातवाच्या बारशात माझ्या आधी दुसऱ्याच माणसाला गंध लावला, तवा रुसलो. माझी बायको रुद्रम्मा तर आल्यागेल्याला सांगती, की हा माणूस स्वतःच्या लग्नात रुसला, डोक्याला बाशिंग बांधून आळंदच्या बसस्टँडवर जाऊन बसला. खरं हाय ते. पण त्यांनी माझ्या मामाला मागच्या गाडीत बसवलं, त्याला मी काय करू?

रुसण्याला बी कायदा असतो. लई लांब जायचं न्हाय, दिसंल असं बसायचं. पयल्यांदा मनवायला आले की मान फिरवायची. दुसऱ्यांदा आले की "जाऊ द्या, माझं काय हाय इथं" म्हणायचं. तिसऱ्यांदा फेटा आन् नारळ घेऊन आले की मग गुडघ्यावर हात ठेवून हळूच उठायचं. आन् सगळ्यात मोठा कायदा म्हणजे मनवल्याबिगर आपल्या पायानं परत यायचं न्हाय. तीस वर्षांत म्या तो एकदा बी मोडला न्हाय. साऱ्या भावकीला हे तोंडपाठ हाय.

आता माझ्या भाचीचं सांगतो. माझी धाकटी बहीण प्रेमाबाई, तिचं सासर बी मुरुमच, चार गल्ल्या सोडून. तिचा नवरा रेवणप्पा शाळेत मास्तर होता, आता पेन्शन घेतो. शांत माणूस, खोटं बोलत न्हाय, त्यामुळं जरा अवघडच हाय. त्यांना दोन पोरी. थोरली शिवानी, धाकटी राजेश्वरी. शिवानी पयल्यापासून हुशार, इंजिनियर झाली, पुण्याला मोठ्या कंपनीत लागली. तिला पुण्याला सोडायला मीच गेलो होतो, कारण रेवणप्पाला एस्टी लागती. सहा वर्षं झाली कंपनीत, हाताखाली अकरा माणसं. मी गिऱ्हाइकाला कासरा दाखवता दाखवता सांगायचो, "आमची शिवानी अकरा जणांची साहेब हाय." म्होरकी घ्यायला आलेल्या माणसाला काय करायचंय त्याचं? पण सांगितल्याबिगर मला चैन पडायचं न्हाय.

आन् ह्या येळवशीला ती घरी आली ती दोन मोठ्या बॅगा घेऊन. येळवस म्हणजे आमची वेळ अमावस्या. सारं गाव त्या दिवशी रानात असतं. कडब्याची कोप उभी करायची, त्यात पांडव पुजायचे आन् मग पालेभाज्या आन् ओल्या दाण्यांची भज्जी, भाकरी, आंबील, पोट तटतटंस्तोवर खायचं.

कोपीच्या सावलीत बसून म्या विचारलं, "एका दिवसाच्या सणाला दोन बॅगा?"

ती आंबिलीचा घोट घेत म्हणली, "मामा, मी नोकरी सोडली."

माझी भाकरी भज्जीत तशीच राहिली. "सोडली म्हणजे? दुसरी धरली?"

"गाणी लिहिणार हाय. लग्नातली, बारशातली, डोहाळजेवणातली. लिहायची, चाल लावायची आन् जाऊन म्हणायची. दोन वर्षं झाली, सुट्टीच्या दिवशी तेच करायलेय. कंपनीतल्या एका मैत्रिणीच्या लग्नात मंगलाष्टकं लिहून म्हणली, तिथनं लोक विचारायला लागलेत."

मंगलाष्टकं! आवो, आमच्या भावकीत फुकटात मंगलाष्टकं म्हणणारे बारा जणं हायेत. माईक हातात आला की सोडत न्हाईत. त्यातल्या एकाला थांबवायला तर वायर उपटावी लागती. त्या कामासाठी कुणी अकरा जणांची साहेबकी सोडतं का?

मी असा भडकलो की शेजारच्या रानातली माणसं उठून उभी राहिली. "तुझं डोस्कं ठिकाणावर हाय का? मी लोकांला काय सांगू?"

"सांगा की, अकरा जणांची साहेब होती, आता कुणाचीच न्हाय," म्हणली आन् हसली. मग माझं तोंड बघून जरा नरमली. "मामा, सहा वर्षं मी जे लिहिलं ना, ते कुणी वाचलं असंल तर मशीननं. त्या मंगलाष्टकाला मैत्रिणीची आई रडली. माझा हात धरून रडली. मला ते पायजे."

मला काय ते कळलं न्हाय. मी त्या दिवशी येळवशीच्या जेवणावरनं बी रुसलो. पण भज्जी चांगली झाली होती, म्हणून लवकर मनलो.

संक्रांतीनंतर राजेश्वरीचं जमलं. मुलगा परंड्याचा, शिवप्रसाद, गुणी पोरगा. लग्न मे महिन्यात, रविवारी, मुरुमलाच. आन् त्याच सुमाराला शिवानीला कंपनीचं पत्र आलं, की तुमची जागा ठेवलीय, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारपर्यंत हो का न्हाय ते कळवा. प्रेमाबाईनं मला बोलावून घेतलं. "अण्णा, तुमीच समजावा. तुमचं ऐकती ती."

मी गेलो. रेवणप्पा खुर्चीत, शिवानी खाली सतरंजीवर, भावकीतली चार जाणती माणसं पलंगावर. म्या रस्त्यानंच डाव आखला होता.

"माझी एक अट हाय," म्या म्हणलं. "राजेश्वरीची मंगलाष्टकं शिवानीनं म्हणायची. दोन्हीकडची हजार माणसं असतील. ज्याचा त्याचा मान सांभाळायचा. मांडवात एक जरी माणूस तिच्या मंगलाष्टकावरनं रुसला, तर तिनं सोमवारी कंपनीला हो म्हणायचं. कुणीच रुसलं न्हाय, तर मी ह्या विषयात जल्मात तोंड उघडणार न्हाय."

मनात म्हणलं, पोरी, आता निघ पुण्याला. कुणी रुसलं न्हाय असं लग्न मुरुमनं अजून बघितलंच न्हाय.

रेवणप्पा म्हणला, "शिवानी, नीट विचार कर. मग मागं फिरता यायचं न्हाय."

"केला विचार, अप्पा," ती म्हणली. "कबूल. सगळ्यांसमोर कबूल."

आन् माझ्याकडं बघून हसली. मला वाटलं, लेकरू हाय, कळत न्हाय.

मग दोन महिने ती वही घेऊन घरोघर हिंडली. कोण कुणाची आत्या, कुणाचा आजा काय करायचा, सगळं लिहून घेतलं. रुद्रम्माजवळ दोन-दोन तास बसायची. परंड्याला जाऊन नवऱ्याकडच्यांना भेटून आली. मला? मला एक अक्षर विचारलं न्हाय. एकदा दुकानात आली, खुंटीवरची घुंगरमाळ हलवली, आवाज ऐकला आन् गेली. म्या ते मनात ठेवलं.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त बारा पस्तीसचा. ऊन असं की मंडपाच्या कापडातनं बी चटका लागायलेला. पण माझा थाट बघायचा होता! भगवा फेटा, नवं धोतर, खांद्यावर उपरणं. राजेश्वरीच्या मागं मी उभा, मुलीचा मामा. अंतरपाटाच्या पलीकडं शिवप्रसादच्या मागं त्याचा मामा शिवप्पा, भल्या मोठ्या मिशांचा गडी. त्याच्या फेट्याचा तुरा माझ्यापेक्षा चार बोटं लांब होता. चालायचं म्हणलं, पाव्हणे हायेत.

जंगम स्वामींनी खूण केली आन् शिवानीनं माईक घेतला.

पयलं मंगलाष्टक महादेवाचं. खरं सांगतो, पयल्या ओळीलाच मांडव गप झाला. पोरगी ओरडत नव्हती, की हेल काढत नव्हती. घरात कुणाशी बोलावं तशी म्हणायली. दुसरं नवऱ्याच्या आजा-आजीचं. तिसऱ्यात तिनं म्हणलं:

"पाठीशी वर राखण्यास सजले मामा शिवप्पा उभे"

शिवप्पानं मिशीवर ताव दिला आन् थेट माझ्याकडं बघितलं. म्या फेटा नीट केला. येऊ दे म्हणलं, माझं बी येतंय.

चौथं आमच्याकडच्या गेलेल्या माणसांचं. प्रेमाबाईनं पदर डोळ्याला लावला. पाचवं आई-बापाचं. त्यात शिवानीनं रेवणप्पाची ती जुनी सायकल आणली, जिच्यावर दोन्ही पोरी पुढं-मागं बसून शाळेला जायच्या. रेवणप्पानं चष्मा काढला आन् पुसत बसला. आता कायद्यानं कुणाची पाळी? आई-बापामागं मामाची! म्या छाती पुढं काढली, रुद्रम्माकडं बघितलं, शिवप्पाकडं बघितलं.

सहावं सुरू झालं. काकांचं.

काकांचं! आवो, ज्या काकाला पुतणी कितवीत शिकती हे ठाऊक नव्हतं, त्याचं मंगलाष्टक मामाच्या आधी? आन् मग माझ्या डोस्क्यात लख्ख पडलं. हिनं मला काहीच विचारलं नव्हतं. वहीत सगळे होते, मी नव्हतो. कंपनी सोडू नको म्हणलो, त्याचा राग हिनं भर मांडवात काढला.

कानशिलं तापली. मागं वळून रुद्रम्माला म्हणलं, "पाणी पिऊन येतो."

"अवो, आत्ता?" तिनं डोळे मोठे केले. "अंतरपाट धरलाय की!"

पण मी तवर मांडवाबाहेर होतो. मुलीच्या मागची जागा रिकामी. मागं कुजबूज ऐकू आली. प्रेमाबाईचा आवाज बी आला. रागावली की ती कानडीत जाती. "अण्णा, याक हिंग?" म्हणली. असं का करायलाव, म्हणून. मी वळून बघितलं न्हाय.

मांडवामागं स्वयंपाक चालला होता. हुग्गीचं पातेलं नुकतंच उतरवलेलं. गहू आन् गुळाचा वास सुटलेला. बाजूच्या लिंबाच्या झाडावर लाऊडस्पीकरचा कर्णा बांधला होता. त्याच्या खालीच एका पालथ्या डब्यावर मी बसलो. दिसंल असा.

आचारी झारा हातात घेऊन आला. "काय मालक, रुसलाव का?"

"व्हय" हा शबुद जिभेवर आला आन् तिथंच अडकला. अट आठवली. एक जरी माणूस रुसला तर.

मी जिंकलो होतो की! मला पायजे होतं तेच झालं होतं. आज रविवार, उद्या शिवानी हो म्हणून कळवणार, परत अकरा जणांची साहेब होणार. दुकानात पुन्हा सांगायला मोकळा. मला लई बरं वाटलं. पण फार येळ न्हाय. कारण मग ध्यानात आलं, की हजार माणसांतनं रुसलेला एकटा माणूस मीच हाय, आन् तिला पुण्याला धाडणारा बी मीच.

सातवं संपलं, अक्षता पडल्याचा गलका झाला. मांडवाच्या कडंनं मनवणारी मंडळी निघालेली दिसली. भावकीतली तिघं, पंधरा-वीस वर्षांचा अनुभव असलेली. ह्या खेपेला त्यांनी पयल्याच फेरीला फेटा आन् नारळ घेतला होता. येळ कमी होता ना.

आन् डोक्यावरचा कर्णा बोलायला लागला.

"बांधी घुंगुर जो लहानपणि या पोरींचिया पाउली"

मी बसल्या जागी ताठ झालो. दोघी पोरी चार-पाच वर्षांच्या असताना दुकानात यायच्या. मी घुंगरमाळेतली चार-चार घुंगरं सोडवून त्यांच्या पायाला बांधायचो. साऱ्या बाजारपेठेत छुमछुम करत पळायच्या. रुद्रम्मा ओरडायची, माल खराब करायलाव म्हणून.

"डोईला पिशवी, उभा, मज परी एस्टीत दे साउली"

हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. रुद्रम्माला बी न्हाय. शिवानीला पयल्यांदा पुण्याला सोडायला गेलो तवा गाडीत मुंगी शिरायला जागा नव्हती. तिला कशीबशी एक शीट मिळाली. प्रेमाबाईनं दिलेली शेंगाच्या लाडवांची पिशवी खाली ठेवली तर चुरा होईल, म्हणून म्या डोक्यावर धरली. सोलापूर सोडलं आन् पलीकडच्या खिडकीतनं ऊन तिच्या तोंडावर यायला लागलं. ती झोपली होती. मी मधी उभा राहिलो, माझी सावली तिच्या तोंडावर पडंल असा. गाडी वळली की मी बी सरकायचो. ती झोपली होती, आई शप्पत, डोळे मिटलेले होते. मला तसंच वाटलं होतं इतकी वर्षं.

"रागाने उठतो, रुसून बसतो, येतो परी धावुनी"

मांडव खदाखदा हसला. कर्ण्यातनं हसू आलं, मांडवातनं आलं, आचारी बी हसला. आन् मला राग आला न्हाय. तीस वर्षांत पयल्यांदा लोक मला हसले आन् मला राग आला न्हाय.

"मामा हा अमुचा असाच..."

'असाच'वर तिनं सूर धरला तो सोडेचना. लांबवायली, फिरवायली, वर नेली, खाली आणली, पुन्हा 'असाच'. लोकांला वाटलं असंल, गाण्यातली करामत हाय. मला कळलं. तिच्या समोर राजेश्वरीच्या मागची जागा रिकामी होती. ती भरल्याबिगर ती पुढचा शबुद टाकणार नव्हती. मुहूर्ताचा काटा पुढं सरकायलेला, स्वामी घड्याळ बघायलेले असतील, आन् ही पोरगी श्वास ताणून माझी वाट बघायलेली.

आन् मनवणारे वीस पावलांवर आलेले. त्यांनी माझा हात धरून "चला आता, रुसू नका" म्हणलं की खेळ खलास. हजार साक्षीदार.

मी उठलो. आचाऱ्याच्या पिंपावरचा पाण्यानं भरलेला तांब्या उचलला आन् उलट्या बाजूनं पळत सुटलो.

"आवो गौरीअण्णा! थांबा! मनवायला आलोय!"

"नका मनवू! मी रुसलो न्हाय!"

"असं कसं? नारळ आणलाय!"

"घाला तुमच्या डोस्क्यात!"

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, धोतर एका हातात, तांब्या एका हातात, मागं तीन माणसं फेटा घेऊन. भाज्या चिरणाऱ्या बायांना वलांडलं, जनरेटरला वळसा घातला, बायकांच्या बाजूनं मांडवात घुसलो. माझा फेटा सुटून गळ्यात आला. अर्धा तांब्या कुणाच्या तरी शालूवर सांडला. तशाच अवतारात स्टेजवर चढलो आन् राजेश्वरीच्या मागं जाऊन उभा राहिलो.

राजेश्वरी मान न वळवता हळूच म्हणली, "मामा, धापा हळू टाका, मुंडावळ्या हलायल्यात."

शिवानीनं माझ्याकडं बघितलं. डोळे भरलेले, पण सूर जराबी हलला न्हाय. 'असाच' अलगद खाली ठेवलं आन् म्हणली:

"...असु दे, कुर्यात् सदा मंगलम्"

शुभ मंगल सावधान! अक्षतांचा पाऊस पडला, वाजंत्री वाजली, अंतरपाट खाली आला.

पण रेवणप्पा मास्तर माणूस. खोटं चालत न्हाय, आन् स्वतःच्या पोरीच्या फायद्याचं असलं तर मुळीच चालत न्हाय. हार घालून झाले, तसा तो सगळ्यांदेखत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. अट घालताना पलंगावर बसलेली चौघं बी जवळ आली. शिवानीचा माईकवरचा हात तसाच होता.

"गौरीअण्णा, खरं सांगा. रुसला होता का?"

तीस वर्षांची माझी इज्जत एका बाजूला. मनवल्याबिगर कधी परत आला न्हाय तो गौरीशंकर. व्हय म्हणलं असतं तर नाव राहिलं असतं.

म्या तांब्या वर करून दाखवला. "पाणी प्यायला गेलो होतो."

"भर मंगलाष्टकात?"

"उन्हानं घसा सुकला, त्याला मी काय करू?" म्या आवाज चढवला. "आन् रेवणप्पा, मला काय आज वळखायलाव? मी रुसलो असतो तर आपल्या पायानं परत आलो असतो का? विचारा की भावकीला!"

भावकीनं एकमेकांकडं बघितलं. मनवणाऱ्यांतला जो म्होरक्या होता, त्याला अजून दम लागलेला होता. तो छातीवर हात ठेवून म्हणला, "ते मातर खरं हाय मास्तर. ह्यांना तीन खेपा मनवल्याबिगर हे हलत न्हाईत. आज तर आमीच मागं पळालो आन् हे पुढं. हे रुसणं न्हवंच."

"मग ह्या नारळाचं काय करायचं?" दुसऱ्यानं विचारलं.

"नवरीच्या ओटीत घाला," रुद्रम्मा म्हणली. तिनं माझ्याकडं असं बघितलं की तिला सगळं कळलंय हे मला कळलं.

रेवणप्पानं बराच येळ माझं तोंड न्याहाळलं. मग मान हलवली. "बरं. मग कुणीच रुसलं न्हाय."

शिवानीनं माईक खाली ठेवला. शिवप्पा मिशी कुरवाळत तिच्याकडं गेला. पुढच्या महिन्यात त्याच्या पोरीचं लग्न परंड्याला होतं. तारीख मोकळी हाय का, म्हणून विचारायला. त्याच्यामागं आणखी चार जणं उभी होती.

जेवणं उरकल्यावर मी लिंबाखाली त्याच पालथ्या डब्यावर बसलो होतो. शिवानी हुग्गीची वाटी घेऊन आली आन् शेजारी खाली बसली.

"मामा, पाणी गोड होतं का?"

"गप बस," म्या म्हणलं. हुग्गी खाल्ली. मग न राहवून विचारलं, "त्या मिशाळ शिवप्पाचं नाव घातलंस, माझं का न्हाय घातलंस?"

"तुमचं नाव घातलं असतं, तर तुमी नावापतोर ऐकलं असतं. पुढचं ऐकलंच नसतं."

तिनं वहीतला कागद काढून माझ्या हातात दिला. आठवं मंगलाष्टक होतं. तिसरी, रुसण्याची ओळ बी तशीच, निळ्या शाईत, एक अक्षर खोडलेलं न्हाय. मला वाटलं होतं, मी उठून गेल्यावर तिनं ती आयत्या येळी रचली. पण कोपऱ्यात तारीख होती. शिवरात्रीची. म्या अट घातली ती त्यानंतर पंधरा दिवसांनी.

"म्हणजे तुला ठाऊक होतं, मी उठणार?"

"साऱ्या मुरुमला ठाऊक होतं, मामा."

"आन् तरी अट कबूल केलीस? सगळं पणाला लावलंस?"

"तुमी उठून जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं," ती म्हणली. "परत येणार, हे मला एकटीला ठाऊक होतं."

मी रडलो. हुग्गीची वाटी हातात धरून लहान लेकरासारखा रडलो. त्यात लाज कसली? तिनं माझा हात धरला. येळवशीला ती काय सांगायली होती, ते मला तवा कळलं.

सोमवारी ती माझ्या दुकानात बसून मोबाईलवर कंपनीला न्हाय म्हणून कळवती झाली. म्या गिऱ्हाइकाला कासरा दाखवत होतो. तोंड उघडलं न्हाय. फक्त गिऱ्हाइकाला एवढंच म्हणलं, की ही आमची शिवानी, गाणी लिहिती.

पुढच्या महिन्यात परंड्याला गेलो, दोन गाड्या बदलून, तिची पिशवी घेऊन. तिथं मी कुणाचाच कुणी नव्हतो. फेटा बांधायला कुणी आलं न्हाय, गंध लावला न्हाय, शिवप्पानं लांबनं हात केला तेवढाच. मागच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. नवरीच्या मागं तिचा मामा उभा होता, बिचारा सारखा फेटा नीट करायलेला. शिवानीनं पयलं मंगलाष्टक सुरू केलं. दुसरं झालं, तिसरं झालं. माझं नाव येणार नव्हतं, त्यामुळं मी नुसतं ऐकत होतो. सहाव्याच्या मधीच एक पोरगी ट्रे घेऊन रांगेतनं आली.

"काका, पाणी?"

"आत्ता न्हाय," म्या म्हणलं. "हे संपू दे."